काकूंचा राजा छाप रुपया

"थांबा, आधी उजेडाला लावू," असं म्हणत आमच्या शेजारचे काका कुठलीही वस्तू दोन बोटांत कडेने धरायचे, खिडकीकडे तोंड करायचे आणि ती सावकाश तिरपी करत राहायचे. वस्तू म्हणजे काहीही हो! दहाचं नाणं, कोथिंबिरीची जुडी, पुतणीला सांगून आलेल्या मुलाचा फोटो. माझ्या नव्या साडीचा पदरही त्यांनी एकदा असाच धरला होता, तेव्हा काकू आतून ओरडल्या होत्या, "अहो, नेसलेली आहे ती!"

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा नमुना असेलच. नसेल तर तुमची बिल्डिंग नवी असणार. आमची डोंबिवली पूर्वेतली जुनी, लिफ्ट नसलेली, आणि तिसऱ्या मजल्यावर काकांचं दार आणि माझं दार समोरासमोर. मी सहकारी बँकेत कॅशियर होते. नाण्यांच्या पिशव्या उचलून माझी कंबर कायमची गेली, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी नाण्यांवर प्रेम करत बसणारा हा माणूस मला आधी सरळ वेडा वाटला. काका एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमधून रिटायर झालेले. मला नावाने कधी हाक मारली नाही. "कॅशियरबाई, तुमच्या हातून राजेमहाराजे गेले हो, आणि तुम्ही पिशव्यांची तोंडं बांधत बसलात!"

एकदा स्टेशनवरून आम्ही एकाच रिक्षाने आलो. रिक्षावाल्याने सुटे परत दिले तर हे भर रस्त्यात नाणं उन्हात धरून उभे. मागे हॉर्नवर हॉर्न. रिक्षावाला वैतागून म्हणाला, "काका, असली है, चलता है." काका म्हणाले, "चालतंय रे, पण बघ किती हाल झालेत बिचाऱ्याचे." रिक्षावाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी ओळख दाखवली नाही.

रविवारी सकाळी त्यांच्याकडे माणसं यायची. कळवा, शहाड, कल्याण, कुठून कुठून. पुढच्या खोलीत सतरंजी, मध्ये मऊ फडका अंथरलेला, त्यावर टेबललॅम्प आणि भिंग. आलेल्याने आपलं नाणं फडक्यावर ठेवायचं आणि काकांनी त्याची प्रत सांगायची. नाण्याला मार्क देतात हे मला तिथे कळलं. सत्तरपैकी. साठाच्या वर म्हणजे जे कधी बाजारात फिरलंच नाही ते. त्याखाली झीज बघत उतरत जायचं. चांदीचा जुना राजा छाप रुपया असेल तर राजाच्या झग्यावर एक बारकासा हत्ती असतो. त्याची सोंड शाबूत आहे का, पाय मोजता येतात का, मुकुटाचे मणी सुटे दिसतात का, असं ते बघायचे. आणि सगळ्यात शेवटी चमक. कोरं नाणं दिव्याखाली तिरपं केलं की उजेड त्याच्यावरून गोल फिरतो म्हणे. मला फिरताना कधी दिसला नाही, पण काकांच्या चेहऱ्यावरून कळायचं की फिरला.

एका गोष्टीचा मात्र त्यांना मनापासून संताप. नाणं घासणं. कळव्याचे एक गृहस्थ आजोबांचे रुपये घेऊन आले, नुसते लखलखत होते. बिचारे खुशीत होते. काकांनी दोन्ही हात मागे घेतले.

"कशाने केलंत हे?"

"टूथपेस्टने. ब्रश घेऊन एकेक घासला."

"का? नाण्याला दात होते?"

सगळे हसले, ते गृहस्थही हसले, पण काका हसले नव्हते. घासलं की वरचा पापुद्रा जातो, बारीक ओरखडे उठतात, उजेड त्या ओरखड्यांत अडकतो, फिरत नाही. मग नाणं कितीही चकचकीत दिसो, त्याला आकडा मिळत नाही. मोठ्या ग्रेडिंगवाल्यांकडे पाठवलं तरी ते पक्क्या प्लास्टिकच्या डबीत सील करून देतात आणि आकड्याच्या जागी फक्त लिहितात, साफ केलेलं. "मळ असू दे हो," काका कळकळीने सांगायचे. "मळ त्याचा स्वतःचा आहे. तुम्ही कोण काढणारे?" हे भाषण दर रविवारी व्हायचं. आत काकू चहा टाकत असायच्या.

काकू टिटवाळ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. बोलायला मोकळ्या, हसायला त्याहून. काका त्यांच्या पोळीलाही ग्रेड द्यायचे. "आज व्हेरी फाइन." पुरणपोळीला फार तर "एक्स्ट्रा फाइन." त्यावर काकू म्हणायच्या, "मेलं एकदा तरी सत्तर द्या!" काका म्हणायचे, "सत्तर देवालाही मिळत नाहीत." "मग देवाकडेच जेवायला जा," असं म्हणून त्या पुढची पोळी त्यांच्या ताटात आदळायच्या. मी समोरच्या दारात उभी राहून हे ऐकायचे आणि हेवा करायचे. माझे हे गेल्यापासून माझ्या पोळीला चांगलं किंवा वाईट म्हणणारं कुणी नव्हतं.

या दोघांच्या संसारात भांडणाचा विषय एकच, एक रुपया. चांदीचा, राजा छाप. काकूंच्या आईने पाठवणीच्या वेळी त्यांच्या ओटीत घातलेला. घरात दुसरं काही द्यायला नव्हतं. सासरी आल्यावर काकांनी तो पाहिला आणि हरखून गेले. हत्तीची सोंड, पाय, मुकुटाचे मणी, सगळं जागच्या जागी! त्यांनी तो तेव्हाच प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवला, आणि मग तो कपाटातच राहिला. वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला बाहेर निघायचा, तोही पाकिटासकट. काकू म्हणायच्या, "पंचामृत नको तर नको, हळदकुंकवाचं बोट तरी लावू द्या." काका म्हणायचे, "अगं, नुसत्या बोटाच्या घामानेसुद्धा डाग पडतो." काकू पाकिटावर कुंकू लावायच्या. मी पाहिलंय ते. दर दिवाळीला ते पाकीट पुसून परत कपाटात जायचं.

आणि हा माणूस दुष्ट नव्हता हो, हेच तर आहे. त्यांना मनापासून वाटायचं की आपण बायकोची सगळ्यात मोलाची वस्तू डोळ्यात तेल घालून जपतोय.

मग काकूंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा कल्याणला डायलिसिस. काका न्यायचे, कधी त्यांना बरं नसलं तर मी. त्या मशीनशेजारी तासन्‌तास बसून माणसं काय काय बोलतात! एकदा काकू म्हणाल्या, "अगं, तुला एक गंमत सांगू? आमच्या ह्यांना सांगायची नाही." आणि त्यांनी लग्नाच्या दिवशीची पहाट सांगितली. आई चुलीपुढे बसलेली. हा रुपया तिने कुठेतरी मडक्यात दडवून ठेवलेला, काळा पडला होता. तिने चुलीतली राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला आणि घासायला बसली. "मी म्हटलं, आई, पुरे गं. तर म्हणाली, तुझं तोंड दिसलं पाहिजे त्यात. आणि दिसलं गं! कपाळावरच्या कुंकवासकट दिसलं."

"म्हणजे काकू, तो रुपया घासलेला आहे?"

"तर! चांगला खसाखसा." त्या हसायला लागल्या, सुई लावलेला हात हलला म्हणून सिस्टर रागावली. "तेव्हा ह्यांचा नाद नवा होता, लखलखतोय म्हणजे कोराच असं वाटलं ह्यांना. मग तो परत काळवंडला कपाटात, ह्यांना काय कळतंय! स्वतःच्या नाण्याला स्वतः मार्क देऊ नयेत म्हणतात ना, म्हणून ह्यांनी तो कधी त्या भिंगाखाली घेतलाच नाही. पाकिटातूनच बघायचं आणि खूश व्हायचं. दर रविवारी घासण्यावरून त्या लोकांना झापतात, मी आत ऐकत असते. कसं सांगू? त्यांच्या लेखी तो घरातला राजा आहे. जीव जाईल त्यांचा."

मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं का ते?

नंतर नंतर काकूंना कल्याणला जाणंही झेपेना. घरीच पलंगावर असायच्या. एका दुपारी मी पेज घेऊन गेले तर त्या काकांना म्हणत होत्या, "माझा रुपया द्या हो हातात. नुसता धरते. एकदाच."

काका म्हणाले, "देतो, देतो. जरा थांब."

मला इतका राग आला! जिन्यात गाठलं मी त्यांना. म्हटलं, "काका, लाज वाटत नाही? आता तरी द्या. घामाचा डाग पडला तर पडला." काका कठड्याला धरून उभे राहिले. म्हणाले, "कॅशियरबाई, घरात नाहीये तो." लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता. त्यांनी तो रुपया ग्रेडिंगला पाठवला होता, लांब दुसऱ्या शहरात. सील होऊन येणार होता. डबीवरच्या चिठ्ठीत आकडा, आणि आकड्याखाली काकूंच्या आईचं नाव छापून मागितलं होतं. जादा पैसे भरले की छापून देतात तसं. "तिच्या आईचं नाव कुठे छापलेलं आहे का हो जगात? रेशनकार्डावरसुद्धा चुकीचं होतं," काका म्हणाले. "म्हटलं, हे कायम राहील."

मी एवढंच म्हटलं की काकूंना सांगा.

सांगितलं त्यांनी. मी होते तिथे. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आता कायमचाच बंद? बोटसुद्धा लागायचं नाही?" काका काहीतरी समजावायला लागले, सील म्हणजे कसं, सुरक्षित म्हणजे कसं. काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "अहो, मला आकडा नको होता. मला आईचा रुपया हवा होता."

त्यानंतर काका रोज त्या ऑफिसला फोन करायचे. ग्रेड नको, सील नको, आहे तसा परत पाठवा. तिथली मुलगी नम्रपणे सांगायची की नाणं रांगेत आहे, नंबर आल्यावर निघेल. तिचंही काही चुकत नव्हतं. काका फोनवर हात जोडायचे, पलीकडच्याला दिसत नाहीत तरी. आणि आत काकू विचारायच्या, "आला का?" आधी मोठ्याने विचारायच्या, मग हळू, मग नुसत्या दाराकडे बघायच्या. कुरियरवाला आमच्या मजल्यावर आला की काका चपला न घालता नुसत्या मोज्यांवर धावत बाहेर यायचे. माझी बिलं यायची, खालच्यांची औषधं यायची. रुपया आला नाही. काकू गेल्या.

सवाष्ण गेल्या. हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. माझे हे नसले तरी माझी ओटी हिनेच भरायची, असं काकूंनी बजावून ठेवलेलं, म्हणून ओटी भरायला मी बसले. तांदूळ, नारळ, खण, सगळं कुणी ना कुणी आणून दिलं. मग कोणीतरी म्हणालं, रुपया राहिला. मी मान वर करून सहज म्हणून गेले, "काका, ओटीत घालायला एक रुपया द्या."

काका उठून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला.  मग ते मोठा अल्बम छातीशी धरून आले आणि काकूंच्या पायाशी जमिनीवर बसले. एकेका पाकिटातून नाणं काढायचे, बघायचे, बाजूला ठेवायचे. "हा नाही. हा तिचा नाही. हाही नाही." कधीच कुणाला हात लावू न दिलेली नाणी, फरशीवर खळखळ पडत होती. बायका तोंडाला पदर लावून उभ्या. बंगळुरूहून आलेल्या त्यांच्या मुलाने खांदा धरला, "बाबा, कुठलाही चालेल."

"कुठलाही कसा चालेल?" काका त्याच्यावर ओरडले. "तिने मागितला होता!"

शेवटी मी माझ्या पर्समधला रुपया घातला. रोजचाच, भाजीवाल्याने परत दिलेला. काका त्याच्याकडे बघत राहिले. मुलाने त्यांना हाताला धरून उठवलं आणि मंडळी निघाली.

तेरावा झाला, मुलगा परत गेला, आणि एका सकाळी कुरियरवाला आला. काका धावले नाहीत. मीच सही केली आणि पाकीट आत नेऊन दिलं. ते म्हणाले, "तुम्हीच उघडा." मी उघडलं. पारदर्शक डबी, आत रुपया, वर चिठ्ठी. काकूंच्या आईचं नाव अगदी बरोबर छापलं होतं. आकडा नव्हता. आकड्याच्या जागी इंग्रजीत एक शब्द होता, आणि तो मला इतक्या रविवारांनंतर वाचता येत होता.

काकांनी डबी घेतली. वाचलं. "चूक झालीये त्यांची," म्हणाले. लॅम्प लावला, भिंग डोळ्याला लावलं. मला वाटतं, त्या रुपयाकडे ते पहिल्यांदाच परक्याच्या नाण्याकडे बघावं तसं बघत होते. इकडून तिरपा, तिकडून तिरपा. मग भिंग खाली ठेवलं.

"चूक नाहीये. गोल गोल रेघा आहेत, खालपासून वरपर्यंत. कोणीतरी फार मन लावून घासलाय."

आता गप्प राहून काय उपयोग होता? मी सांगून टाकलं. चूल, राख, काथ्या, तोंड दिसलं पाहिजे म्हणालेली आई. काका ऐकत होते. अधूनमधून मान हलवत होते.

"तिला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी दर रविवारी इथे बसून जे बोलायचो..."

"आत ऐकू यायचं त्यांना. त्या म्हणाल्या, ह्यांना सांगू नकोस, जीव जाईल."

मग काका रडले. स्मशानात रडले नव्हते, मुलाच्या गळ्यात पडूनही नाही. आता मात्र लहान मुलासारखे हमसून हमसून रडायला लागले, आणि मी पण बसले रडत त्यांच्यासमोर. "चिडली असती तर बरं झालं असतं हो," म्हणाले. "एकदा तरी तोंडावर सांगायचं होतं, माझ्या आईने घासलाय, काय करायचं ते करा. तेव्हाच हातात दिला असता तिच्या." दिला असता का, मला माहीत नाही. मी हो म्हटलं.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि पकड मागितली. मी घरून आणून दिली. डबी फार पक्की असते. दोनदा हातातून निसटली, तिसऱ्यांदा कोपरा तुटला, मग कडेने फोडत गेले. बोटाला प्लास्टिक लागून रक्त आलं, त्यांनी तसंच पुढे केलं. रुपया बाहेर निघाला. काका तो घेऊन देवघरापाशी गेले, उदबत्तीच्या घरातली राख चिमटीत घेतली आणि मला म्हणाले, "काथ्या आहे का?" मी स्वयंपाकघरातल्या नारळाची शेंडी ओढून दिली. खाली मांडी घालून बसले आणि रुपया घासायला लागले. हो, काका! आधी भीत भीत, मग जोर लावून. राख संपली की परत घ्यायचे. राजाचा मुकुट, हत्ती, सगळ्यावरून काथ्या फिरत होता. मी थांबवलं नाही.

"बघा," म्हणाले, "तोंड दिसतंय का?"

मी घेऊन पाहिलं. कसलं तोंड! पांढरट चकाकी होती नुसती. मी म्हटलं, "दिसतंय, काका."

"मग आता घाला तिच्या ओटीत. ते बायकांनीच करायचं असतं ना?"

 ओटी भरायची तर समोर पदर पसरून कुणीतरी बसलेलं लागतं हो. मी रुपया हातात घेऊन तशीच उभी. काका गुडघ्यावर हात टेकून उठले, काकूंच्या पलंगाच्या कडेवर बसले, आणि अंगातल्या सदऱ्याचा पुढचा घोळ दोन्ही हातांनी धरून त्यांनी माझ्यापुढे पसरला. म्हणाले, "तिच्या वतीने मी घेतो."

मी देवघरातलं कुंकू आणलं, रुपयाला बोट लावलं आणि तो त्यांच्या सदऱ्यात घातला.